आभार मानायचे, पण कोणाचे?

अमेरिकेतला माझा पहिला नोव्हेंबर. चौथ्या गुरुवारी सकाळी आईला फोन लावला आणि म्हटलं, "आज इथे सगळ्यांना सुट्टी आहे. आभार मानायचा सण आहे." पलीकडून लगेच प्रश्न आला, "कोणाचे?"

थँक्सगिव्हिंग समजावून सांगताना घोडं इथेच पेंड खातं. इंग्रजीत नुसतं 'आभार मानणं' एवढ्यावर सणाचं नाव भागतं. मराठीत भागत नाही. आभार म्हटले की आधी षष्ठी लागते: देवाचे, पावसाचे, शेजाऱ्यांचे, गेला बाजार प्रमुख पाहुण्यांचे. मी "असेच, सगळ्यांचे" म्हणून वेळ मारून नेली. "म्हणजे आपण नवं बांधतो तसं?" आईनं विचारलं. आमच्याकडे रत्नागिरीला नव्याच्या पौर्णिमेला भाताची लोंबी, आंब्याचं पान, कुर्डूचं फूल असं एकत्र बांधून दाराला लावतात. मी म्हटलं, हो, तसंच.

ते निम्मंच खरं होतं. नवं बांधतात तेव्हा खळ्यावर भात खरंच आलेला असतो. इथे नोव्हेंबर संपत आला की मॅसॅच्युसेट्सची शेतं उघडी पडलेली असतात, झाडांवर पान नसतं आणि सुगीच्या सणाला लागणारं बहुतेक सामान सुपरमार्केटच्या फ्रीजमधून येतं. पुढे या सणाच्या खोलात जात गेले तशी आईच्या पहिल्या प्रश्नाची किंमत कळत गेली. एकाच दिवशी, जवळपास एकसारखं ताट समोर घेऊन बसलेली ही माणसं 'कोणाचे?' याची अगदी निरनिराळी उत्तरं देतात. काही जण तर त्या दिवशी जेवतच नाहीत.

आधी शाळेत सांगतात ती गोष्ट. इंग्लंडमध्ये धर्मासाठी छळ होत होता म्हणून काही लोक 'मेफ्लॉवर' जहाजातून १६२० साली अमेरिकेच्या किनाऱ्याला लागले. हे पिलग्रिम. पहिल्या हिवाळ्यात त्यांचे फार हाल झाले. मग प्रेमळ इंडियन लोकांनी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांनी, त्यांना मका पेरायला शिकवलं, पीक चांगलं आलं आणि सगळ्यांनी मिळून टर्की हा कोंबडीसारखा मोठा पक्षी खाल्ला. बालवाडीतली निम्मी मुलं काळ्या कागदी टोप्या घालून पिलग्रिम व्हायची, निम्मी डोक्याला पिसं लावून इंडियन. आता बऱ्याच शाळांनी पिसं बंद केली आहेत.

या गोष्टीतलं बरंचसं घडलेलं आहे. घोटाळा गाळलेल्या भागात आहे.

१६२१ च्या त्या जेवणाबद्दल, तिथे हजर असलेल्या एडवर्ड विन्स्लो नावाच्या माणसाच्या पत्रातला एक छोटा परिच्छेद एवढाच काय तो जवळचा पुरावा. पीक घरात आल्यावर गव्हर्नरनं चार माणसांना पक्षी मारायला पाठवलं. वॅम्पनोआग या तिथल्या मूळ लोकांचा प्रमुख मॅसॅसॉइट सुमारे नव्वद माणसं घेऊन आला. तीन दिवस खाणंपिणं चाललं. पाहुण्यांनी पाच हरणं मारून आणली. बस्स. आमंत्रण दिल्याचा उल्लेख नाही आणि 'थँक्सगिव्हिंग' हा शब्दही नाही. पक्षी मारले ते बदकं होती, हंस होते की टर्की, तेही लिहिलेलं नाही. बटाटा तेव्हा तिथे पोचलेला नव्हता, आणि भोपळा असला तरी त्याचा 'पाय' (पिठाच्या पारीत सारण भरून भाजलेला गोड पदार्थ) करायला गव्हाचं पीठ आणि भट्टी नव्हती. जहाजावर १०२ प्रवासी होते, त्यांतले जवळजवळ निम्मे पहिल्या हिवाळ्यात गेले होते. म्हणजे साधारण पन्नास यजमान आणि त्यांच्या दुपटीला थोडेसेच कमी पाहुणे! आपल्याकडच्या कुठल्याही गृहिणीला या आकड्यांवरून कळेल की स्वयंपाकघरात काय गोंधळ उडाला असेल. त्या वेळी चारच विवाहित बायका हयात होत्या. त्या चौघींचे कुणी आभार मानले का, यावर पत्र गप्प आहे.

हे पिलग्रिम उतरले ती जागा रिकामी कशी सापडली, हा खरा प्रश्न. पडीक असली तरी साफ केलेली शेतं, प्यायला ओढा, बोटीला बरं बंदर, सगळं तयार. ते पटक्सेट नावाचं गाव होतं. १६१६ ते १६१९ च्या दरम्यान युरोपीय जहाजांबरोबर आलेल्या रोगाच्या साथीनं हा सगळा किनारा धुऊन नेला. पटक्सेटमध्ये माणूस उरला नाही. पिलग्रिमांना वाटलं, देवानंच ही जागा आपल्यासाठी मोकळी केली. त्यांच्या लेखी आभार देवाचे होते, यात शंकाच नाही.

पटक्सेटचा एक माणूस मात्र वाचला होता, कारण साथ आली तेव्हा तो गावात नव्हताच. टिस्क्वांटम त्याचं नाव, पाठ्यपुस्तकात तो 'स्क्वांटो' होतो. १६१४ साली थॉमस हंट नावाच्या इंग्रज कप्तानानं त्याला इतर काही जणांबरोबर फसवून जहाजावर घेतलं आणि स्पेनमधल्या मालागाला विकायला नेलं. तिथून तो कसाबसा इंग्लंडला पोचला, इंग्रजी शिकला आणि १६१९ मध्ये परत आला. येऊन बघतो तर गावात कोणी नाही. दीड वर्षानं त्याच गावात परके लोक घरं बांधायला लागले आणि त्यांना मक्याच्या आळ्यात मासे पुरून खत कसं द्यायचं हे शिकवायला हाच उभा राहिला, कारण तिथे इंग्रजी चांगलं येणारा तोच होता. पुढच्याच वर्षी, १६२२ मध्ये, तापानं गेला. शाळेतल्या नाटकात हा माणूस हसत हसत कणीस पुढे करतो. मी पहिल्यांदा त्याची खरी हकिगत वाचली तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिले होते.

मॅसॅसॉइट तरी का आला होता? प्रेमळ होता म्हणून नाही. राजकारणी होता म्हणून. साथीत त्याची माणसं गेली होती आणि पश्चिमेचे नॅरागॅन्सेट लोक शाबूत होते. बंदूकवाले मित्र त्याला हवे होते. १६२१ च्या मार्चमध्ये दोघांचा तह झाला, अडचणीत एकमेकांना मदत करायची असा. तो तह त्याच्या हयातीत टिकला. मुलाच्या काळात तुटला. त्याचा मुलगा मेटाकॉम (इंग्रज त्याला किंग फिलिप म्हणत) जमिनी हातच्या चालल्या तसा १६७५ मध्ये इंग्रजांविरुद्ध उठला आणि १६७६ च्या ऑगस्टमध्ये मारला गेला. त्याचं शिर प्लिमथला, म्हणजे पिलग्रिमांनी पटक्सेटच्या जागी वसवलेल्या गावी, आणून भाल्यावर लावलं, ते पुढे कित्येक वर्षं तिथे होतं. ते शिर गावात पोचलं तो दिवस प्लिमथच्या चर्चनं आभाराचा दिवस म्हणून आधीच ठरवलेला होता. बापानं पाच हरणं आणली आणि पंचावन्न वर्षांनी त्याच गावात लेकाचं डोकं आलं. कागदी टोप्यांच्या नाटकात हा दुसरा अंक नसतो.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. त्या काळच्या प्युरिटन, म्हणजे पिलग्रिमांसारख्या कडक धर्मनिष्ठ, मंडळींसाठी 'थँक्सगिव्हिंग' म्हणजे मेजवानी नव्हे. तो चर्चमध्ये बसून प्रार्थना करायचा दिवस, आणि काही घडलं की तेवढ्यापुरता जाहीर व्हायचा: पाऊस पडला, लढाई जिंकली, साथ ओसरली. उलट संकट आलं तर उपासाचा दिवस. आपल्याकडे नवस बोलणं आणि फेडणं असतं तसा काहीसा हिशेब. १६२१ चं जेवण ही सुगीची जत्रा होती. तिला 'पहिलं थँक्सगिव्हिंग' हे लेबल १८४१ साली, म्हणजे दोनशे वीस वर्षांनी, एका संपादकानं जुनी कागदपत्रं छापताना तळटीपेत लावलं. तळटीप वाचत नाहीत असं म्हणतात, पण ही वाचली गेली.

सण देशाचा झाला तो एका बाईच्या चिकाटीमुळे. सेरा जोसेफा हेल, 'गोडीज लेडीज बुक' या गाजलेल्या मासिकाची संपादक. तरुणपणी विधवा झालेली, पाच मुलांना लेखणीच्या जोरावर वाढवलेली. आधी हा सण न्यू इंग्लंड या अमेरिकेच्या ईशान्य भागापुरता होता आणि तारीख ज्या त्या राज्याचा गव्हर्नर ठरवायचा. साऱ्या देशानं एकाच दिवशी तो पाळावा म्हणून तिनं वर्षानुवर्षं अग्रलेख लिहिले, गव्हर्नरांना आणि राष्ट्राध्यक्षांना पत्रं धाडली. दक्षिणेकडच्या काही गव्हर्नरांना हा उत्तरेतल्या गुलामगिरीविरोधी पाद्र्यांचा सण वाटे. त्यांनी तो झिडकारला. शेवटी २८ सप्टेंबर १८६३ ला तिनं लिंकनला लिहिलं आणि ३ ऑक्टोबरला घोषणा निघाली: नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार. एवढ्या झटपट सरकारी काम होण्याचा योग तेव्हाही विरळाच असणार.

ती घोषणा मुळातून वाचण्यासारखी आहे. ती लिंकनच्या नावानं निघाली तरी मसुदा परराष्ट्रमंत्री सीवर्डचा. यादवी युद्ध ऐन भरात होतं, गेटिसबर्गच्या मैदानावर जुलैमध्येच हजारो माणसं पडली होती. तरी शेतं पिकली, खाणी चालल्या, वस्ती वाढली, याबद्दल ईश्वराचे आभार मानू या, असं ती म्हणते. त्याच दमात राष्ट्राच्या हातून झालेल्या पापांबद्दल पश्चात्ताप करायला सांगते आणि विधवा, पोरकी मुलं, शोकात बुडालेली माणसं यांना देवाच्या स्वाधीन करते. पिलग्रिम, प्लिमथ, टर्की यांचं तीत नावही नाही. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला इटली, पोलंड, रशियातून लोंढे येऊ लागले तेव्हा त्यांच्या मुलांना अमेरिकन करून घ्यायला एक सोपी गोष्ट हवी होती. पिलग्रिमांची गोष्ट त्या कामी आली. तेही बाहेरूनच आले होते की.

काळ्या अमेरिकनांकडे आभाराचे स्वतःचे दिवस याच्याही आधीपासून होते. अमेरिकेत गुलामांची आयात कायद्यानं बंद झाली तो दिवस १ जानेवारी १८०८. त्याच दिवशी फिलाडेल्फियातल्या आफ्रिकन एपिस्कोपल चर्चमध्ये पाद्री अ‍ॅब्सलॉम जोन्स यांनी आभाराचं प्रवचन दिलं. ते स्वतः कधीकाळी गुलाम होते. कोणाचे आणि कशाबद्दल, हे तिथे कोणाला विचारावं लागलं नसेल. आजही या घरांमधलं ताट थोडं निराळं असतं: भोपळ्याऐवजी रताळ्याचा पाय, ओव्हनमधलं मॅकरोनी-चीज, कॉलर्डची पालेभाजी.

मग दुकानदार आले. १९३९ च्या नोव्हेंबरात पाच गुरुवार होते. शेवटचा धरला तर सण ३० तारखेला, आणि ख्रिसमसच्या खरेदीला दिवस कमी. व्यापाऱ्यांनी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टकडे धोशा लावला आणि त्यानं सण आठवडाभर अलीकडे ओढला. एकच गिल्ला झाला. कॅलेंडरं छापून झाली होती, फुटबॉलचे सामने ठरले होते. निम्म्या राज्यांनी नवी तारीख पाळली, निम्म्यांनी जुनी, आणि टेक्सससह तीन राज्यांनी दोन्ही. आपल्याकडे दोन पंचांगांत एकादशी वेगवेगळी आली की होतं तसंच. शेवटी १९४१ मध्ये काँग्रेसनं, म्हणजे इथल्या संसदेनं, कायदा करून चौथा गुरुवार पक्का केला.

टर्कीबद्दल थोडं विषयांतर, कारण ते आपल्या बाजूचं आहे. हा पक्षी मूळ अमेरिका खंडातला, माणसाळवला मेक्सिकोत. पोर्तुगीजांनी तो गोव्यात आणला, पोर्तुगीजमध्ये त्याला 'पेरू' म्हणतात. १६१२ साली जहांगीरचा सरदार मुकर्रब खान गोव्याहून चिजा घेऊन दरबारी गेला, त्यांत एक टर्की होता. जहांगीर त्याच्या मानेचे बदलते रंग पाहून चकित झाला, आत्मचरित्रात त्याबद्दल लिहिलं आणि उस्ताद मन्सूरकडून त्याचं चित्र काढून घेतलं. ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. म्हणजे प्लिमथच्या त्या जेवणाच्या नऊ वर्षं आधी टर्की गोव्यामार्गे आग्र्याच्या दरबारी ऐटीत फिरून आला होता.

एका वर्षी आम्ही थँक्सगिव्हिंगच्या दिवशी प्लिमथला गेलो. पिलग्रिम जिथे उतरले असं सांगतात तो तिथला प्रसिद्ध खडक बघून मुलगा म्हणाला, "एवढाच?" खरंच एवढाच आहे, खांबांच्या छत्रीखाली खड्ड्यात, वर १६२० कोरलेलं. रस्ता ओलांडून वर चढलं की कोल्स हिल, आणि तिथे समुद्राकडे तोंड करून मॅसॅसॉइटचा पुतळा. त्या पुतळ्याभोवती माणसं जमली होती. ढोलाचा ठेका चालू होता, वारा इतका बोचरा की फलक धरलेले हात बाह्यांमध्ये ओढून घेतले होते. हा राष्ट्रीय शोकदिन. १९७० साली मेफ्लॉवरला ३५० वर्षं झाली म्हणून मॅसॅच्युसेट्समध्ये समारंभ होता आणि ॲक्विना वॅम्पनोआग जमातीच्या वॅम्सुटा फ्रँक जेम्स यांना भाषणाला बोलावलं होतं. आयोजकांनी भाषण आधी मागवून घेतलं. त्यात लिहिलं होतं की पिलग्रिमांनी उतरल्या उतरल्या आमची थडगी उकरली आणि जमिनीत पुरून ठेवलेला मका उचलून नेला. (हे पिलग्रिमांनी स्वतःच नोंदवून ठेवलेलं आहे.) भाषण बदलून द्या म्हटल्यावर जेम्सनी नकार दिला आणि त्याच नोव्हेंबरात या टेकडीवर लोक जमवले. तेव्हापासून दर थँक्सगिव्हिंगला इथे सभा होते. येणाऱ्यांतले कित्येक जण त्या दिवशी उपास करतात.

मी बाजूला उभी राहून ऐकत होते आणि मनात सारखं येत होतं की घरी ओव्हनमध्ये आमची टर्की वाट बघते आहे. लाज वाटली का? थोडी वाटली. पण म्हणून गेल्यावर जेवले नाही, असंही नाही.

मूळ रहिवाशांचा रोष आभार मानण्यावर आहे, असा समज करून घेऊ नये. न्यूयॉर्क आणि कॅनडाच्या बाजूच्या हॉडेनोशोनी लोकांमध्ये कुठलीही सभा सुरू करण्याआधी एक लांबलचक आभारपाठ म्हणायची रीत आहे. माणसं, धरणीमाता, पाणी, मासे, झाडंझुडपं, पक्षी, चार दिशांचे वारे, सूर्य, चंद्र, तारे, एकेकाचं नाव घेऊन. प्रत्येकानंतर 'आता आमची मनं एक झाली' असं म्हणतात. आईला हे सांगितलं असतं तर तिनं 'कोणाचे?' विचारलंच नसतं. आणि ॲक्विना वॅम्पनोआग ऑक्टोबरच्या दुसऱ्या मंगळवारी क्रॅनबेरी दिवस पाळतात. मुलं शाळेला दांडी मारून रानातल्या क्रॅनबेरी खुडायला जातात. सुगीचा सण म्हणाल तर हा, पीक जागेवर असताना.

पीक काढणाऱ्यांचं काय? १९६० मध्ये थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्याच दिवशी सीबीएस वाहिनीवर एडवर्ड मरो यांनी फिरत्या शेतमजुरांच्या हालांवर तासाभराचा माहितीपट दाखवला. आदल्या दिवशीचं जेवण अजून पोटात असलेल्या देशाला तो मुद्दाम त्याच दिवशी दाखवला होता. त्या शुक्रवारचं आजचं नाव 'ब्लॅक फ्रायडे'. हे नाव फिलाडेल्फियाच्या पोलिसांनी खरेदीच्या गर्दीला वैतागून पाडलं. मध्यंतरी दुकानं गुरुवारी संध्याकाळीच उघडायला लागली होती. आमच्या शेजारच्या बाई एका मोठ्या दुकानात गल्ल्यावर असायच्या. त्या वर्षांत त्यांच्या घरचं जेवण सकाळी दहाला उरकायचं. त्यांच्यासाठी सण म्हणजे दुपारी झोपायला मिळणं.

आणि आपण. मी विद्यार्थिनी असताना गुरुवारी कँपस ओस पडायचा, मेस बंद, बसही नाही. एका प्राध्यापकांनी घरी जेवायला बोलावलं. जेवणाआधी टेबलाभोवती एकेकानं आपण कशाबद्दल आभारी आहोत ते सांगायचं. माझी पाळी जवळ येऊ लागली तसा घाम फुटला. आपल्या घरात कोण आभार मानतं? आईला जेवणानंतर धन्यवाद म्हटलं तर ती कपाळाला हात लावून ताप बघेल. शेजारणीचा डबा रिकामा परत करायचा नाही, पोळ्याला पुरणपोळी आधी बैलाला, हे आपलं आभार मानणं. मी काहीतरी पुटपुटले. शेजारी बसलेल्या आजींनी माझा हात दाबला आणि बटाट्यांचं भांडं पुढे सरकवलं.

आता आमच्याकडेच पंधरावीस जण असतात. दिवाळीच्या सुट्ट्या इथे मिळत नाहीत, या चार दिवसांच्या मिळतात, म्हणून मराठी घरांचं एकमेकांकडे जाणं याच आठवड्यात होतं. शाकाहारी मंडळी पावभाजी आणि सुरळीच्या वड्या आणतात. पहिल्या वर्षी मी बुधवारी रात्री टर्की फ्रीझरमधून काढली. पंधरा पौंडांचा दगड. फ्रीजमध्ये वितळायला तीन-चार दिवस लागतात हे कोणी सांगितलंच नव्हतं. नवऱ्यानं आणि मी रात्री दोनपर्यंत बाथटबमध्ये गार पाणी बदलत तिची सेवा केली. आता रविवारीच काढते, बुधवारी दही, आलं-लसूण आणि आईनं पाठवलेला मालवणी मसाला कातड्याच्या आतून चोळते.

शुक्रवारी उरलेलं मांस सोडवून त्याचं सुकं करायचं, हाडांचा रस्सा काढायचा. आई व्हिडिओवर बघत असते. गेल्या वर्षी तिला टिस्क्वांटमची सगळी हकिगत सांगितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, रस्सा उतू जातोय बघ, गॅस बारीक कर.